दारातला पाहुणा आणि त्याचे उजाड घर

आपल्या धर्मग्रामांतील एखाद्या नव्या बंगल्याच्या फाटकाशी क्षणभर थांबावे, तर दोन्ही बाजूंना एकेक ठेंगणे, पोट सुटलेले झाड हटकून दृष्टीस पडते. बुंधा सुरईसारखा फुगीर, वर निमुळती हिरवी मान आणि त्या मानेवर मोजून पाच-सहा कमानदार झावळ्या. नर्सरीवाले त्याला 'बॉटल पाम' म्हणतात आणि आपणही तेच नाव चालवून घेतले आहे. ज्या वाड्यांत पिढ्यान्पिढ्या माड, पोफळी आणि ताड यांचेच राज्य होते, त्या वाड्यांच्या तोंडाशी आता हा परदेशचा भाऊबंद येऊन उभा राहिला आहे. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना त्याचे कौतुक कधीच वाटले नाही. "ह्याला ना नारळ, ना ताडी, ना झाप विणण्याजोगी झावळी. मग हा पोसायचा कशाला?" असा त्यांचा रोकडा सवाल असे.

आम्ही मात्र हौसेने तो पोसला. अंगणाच्या एका कडेला बॉटल पाम आणि त्याच्या शेजारी त्याचाच सख्खा भाऊ शोभावा असा, मध्यभागी चातीप्रमाणे फुगलेला 'स्पिंडल पाम', अशी जोडी आम्ही लावली. बारा-तेरा वर्षांनी दोघांनाही फुलोरा आला, फळे धरली. खाली पडलेल्या बिया आम्ही कुंड्यांत रुजवल्या आणि "दुर्मीळ झाड आहे हो, जपून लावा" असे सांगत नातलगांना व शेजाऱ्यांना रोपे वाटली. हे झाड मूळचे कोठले, असे एका चौकस पाहुण्याने विचारले तेव्हा मात्र आम्हांला उत्तर देता येईना. नर्सरीवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, "बाहेरचे आहे." हे 'बाहेर' म्हणजे नेमके कोठे, ह्याचा शोध घेता घेता जो इतिहास हाती आला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. तो एका झाडाचा आहे, तसाच बाग म्हणजे काय, तिला काय साधते आणि काय साधत नाही, ह्याचाही आहे.

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज ही तीन बेटे आहेत. पेद्रु मास्करेन्यश ह्या पोर्तुगीज दर्यावर्द्याच्या नावावरून त्यांना मास्करीन बेटे म्हणतात. हे आडनाव गोव्याला आणि मंगळूरला परके नाही. मॉरिशसच्या उत्तर किनाऱ्यापासून सुमारे बावीस किलोमीटरवर समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखी खडक आहे. त्याचे नाव राउंड आयलंड. क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाएवढे. बंदर नाही, वाळूचा किनारा नाही. लाट वर आली की होडीतून खडकावर उडी घ्यायची, हाच तेथे उतरण्याचा मार्ग. अमेरिकेचे वाणिज्यदूत निकोलस पाइक यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ह्या बेटाच्या भेटीची हकीकत लिहून ठेवली आहे. आपल्या फाटकाशी उभ्या असलेल्या बॉटल पामचे जन्मगाव हेच. पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही तो आपोआप उगवत नव्हता.

ह्या जातीचे शास्त्रीय कुळनाव हायोफोर्बे. ग्रीक भाषेतील दोन शब्द जोडून ते घडवले आहे आणि त्याचा अर्थ होतो 'डुकरांचे खाद्य'. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेर्टनर यांनी १७९१ साली हे नाव दिले. शोभेच्या झाडाला असे नाव असावे ह्याचे प्रथम हसू येते. पण मास्करीन बेटांचा इतिहास वाचल्यावर ते हसू मावळते, कारण त्या एका शब्दात पुढची सारी शोकांतिका सामावलेली आहे.

१५९८ साली डच खलाशी मॉरिशसला उतरले तेव्हा त्या बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. दाट अरण्य होते, एबनीचे काळे लाकूड होते, उडता न येणारा डोडो पक्षी होता आणि ताडमाडांच्या कुळातील झाडांची रेलचेल होती. खलाशांनी ह्या झाडांना चिरा पाडून रस काढला आणि त्यांचे शेंडे तोडून आतील कोवळा गाभा खाल्ला. माडाच्या कोंबात भुंगा शिरला की काय होते, हे आपल्या वाडीवाल्यांना सांगायला नको. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. माडाला एकच कोंब असतो आणि तो गेला की झाड संपले. पामचा गाभा खाणे म्हणजे एका जेवणासाठी एक अख्खे झाड मारणे. त्यातच डचांच्या काळात डुकरे, बकऱ्या आणि हरणे आली. जहाजांतून उंदीर उतरले, माकडे रानभर पसरली. झाडाखाली पडलेले बी ह्या जनावरांनी खाऊन टाकायचे, चुकून रुजलेले रोपही खुडायचे. मोठी झाडे उभी होती, पण त्यांच्या पायाशी नवी पिढी उगवत नव्हती. सतराव्या शतकातच डोडो नाहीसा झाला. १७१० साली डच निघून गेले. त्यांनी आणलेली जनावरे मागे राहिली.

१७१५ साली फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला आणि त्याला 'इल द फ्रान्स' हे नाव दिले. ह्या काळात आपल्या कथेत बागेचा प्रवेश होतो. १७३५ साली आलेल्या गव्हर्नर लाबूर्दोने यांनी पांप्लमूस येथे आपल्या निवासाभोवती भाजीपाल्याची बाग उठवली. पण तिला जगाच्या नकाशावर आणले ते पियेर प्वाव्र यांनी. हा गृहस्थ मोठा विलक्षण. लियाँ शहरात १७१९ साली जन्मलेला हा तरुण धर्मप्रसारक होण्यासाठी पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेत दाखल झाला आणि तिच्यातर्फे पूर्वेकडे चीन व व्हिएतनामच्या बाजूस गेला. १७४५ साली परतीच्या प्रवासात इंग्रजांच्या हल्ल्यात त्याने उजवा हात गमावला आणि पौरोहित्याची वाट सुटली. पुढे १७६७ ते १७७२ ह्या काळात तो मॉरिशसचा मुख्य कारभारी झाला. डचांच्या मक्तेदारीतून जायफळ आणि लवंग यांची रोपे सोडवून आणून त्याने ती १७७० साली पांप्लमूसला रुजवली. ह्याच मनुष्याने १७६९ साली जंगलरक्षणाचे नियम करून प्रत्येक जमीनमालकाने आपली चतुर्थांश जमीन झाडांखाली राखावी, असे फर्मावले. झाडे गेली तर पाऊस आणि माती दोन्ही जातील, हे त्याने अडीचशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

नियम कागदावर राहिले आणि ऊस जमिनीवर पसरला. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. उसाच्या मळ्यांसाठी रान साफ होऊ लागले. १८३५ साली गुलामगिरी संपुष्टात आली आणि तिच्या जागी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गलबतात चढलेली कोकणची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी नाव आणि गणेशोत्सव टिकवून आहेत. ज्या भूमीत ते घाम गाळीत होते, तिचे मूळ रान तोवर बरेचसे गेलेले होते. आज मॉरिशसवर चांगल्या स्थितीतील मूळ अरण्य शेकडा दोन टक्केही उरलेले नाही.

आता एक विरोधाभास पाहा. रान उजाड होत होते, त्याच काळात ह्या रानातील झाडे युरोपात मानाने मिरवू लागली. १८३० च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना आढळले की, बंद काचपेटीत रोप ठेवले तर आतील ओलावा आतच फिरत राहतो आणि पाणी न घालताही ते महिनोन्महिने जगते. ह्या 'वॉर्डच्या पेट्या' जहाजांच्या डेकवर ठेवल्या जाऊ लागल्या आणि खाऱ्या वाऱ्याने मरणारी रोपे सुखरूप समुद्रपार पोहोचू लागली. लंडनजवळच्या क्यू उद्यानात १८४८ साली पामसाठी लोखंड व काच यांचे भव्य गृह उभे राहिले. बेल्जियमच्या गेंट शहरात आम्ब्रुआझ व्हर्शाफेल्ट यांच्यासारख्या व्यावसायिकांनी दुर्मीळ पामचा व्यापार चालवला. आमच्या अंगणातील स्पिंडल पामच्या शास्त्रीय नावात ह्याच व्हर्शाफेल्ट यांची स्मृती आहे. त्याचे मूळ घर रॉड्रिग्ज बेट. तेथील रानात तो आज थोडाच उरला आहे.

बॉटल पामच्या बाबतीत तर नावाचाही घोळ झाला. जगभरच्या बागांत तो कित्येक वर्षे 'हायोफोर्बे अमारिकॉलिस' ह्या नावाने वावरत होता. हे नाव वास्तविक मॉरिशसच्या मुख्य बेटावरील दुसऱ्याच एका पामचे. तो वेगळा आहे हे ओळखून अमेरिकन शास्त्रज्ञ लिबर्टी हाइड बेली यांनी १९४२ साली त्याला 'लॅजेनिकॉलिस', म्हणजे 'सुरईसारख्या खोडाचा', असे स्वतंत्र नाव दिले. तेव्हा बेली चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. कित्येक दारांत उभ्या असलेल्या पाहुण्याचे खरे नाव इतक्या उशिरा निश्चित झाले.

इकडे त्याच्या घरी काय चालले होते? राउंड आयलंडवर उंदीर कधी पोहोचले नाहीत, हे त्याचे भाग्य. परंतु एकोणिसाव्या शतकात माणसांनी तेथे शेळ्या आणि ससे सोडले. गलबत फुटून अडकलेल्या खलाशांना अन्न मिळावे म्हणून निर्जन बेटांवर जनावरे सोडण्याची त्या काळी सर्वत्र रीतच होती. हेतू दयेचा असला तरी परिणाम भयंकर झाला. मोठ्या लाकडाचे रान पार नाहीसे झाले. मुळांनी धरून ठेवलेली माती पावसाबरोबर समुद्रात वाहून गेली आणि उघडा खडक शिल्लक राहिला. त्या खडकाच्या खाचांत पंख्यासारख्या पानांचे लाटानिया पाम, केवड्याचे भाऊबंद आणि काही बॉटल पाम तेवढे तग धरून होते. १९७० च्या दशकात बॉटल पामची प्रौढ झाडे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच राहिली होती. त्याच बेटावरचा चक्रीवादळांना तोंड देणारा आणखी एक पाम तर शेवटी रानातील एकाच झाडावर येऊन ठेपला. बेटावरील एक बिळात राहणारा साप १९७५ साली शेवटचा दिसला आणि त्यानंतर कोणालाही आढळला नाही.

ज्या वर्षांत मुंबई, मायामी आणि मनिला येथील बागांत बॉटल पामची रोपे रांगेने विकली जात होती, त्याच वर्षांत त्याच्या जन्मभूमीवर तो असा शेवटच्या घटका मोजीत होता. आपल्या दारी त्याची गर्दी आणि त्याच्या घरी सामसूम! मनुष्यांच्या बाबतीतही असे घडते, हे स्थलांतराचा अनुभव असलेल्या आपल्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

मग आपल्या बागांनी ही जात वाचवली असे म्हणावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पुन्हा मॉरिशसच्या मुख्य बेटावर, क्युरपीप ह्या उंचावरील शहरात जावे लागते. तेथे १८७० साली स्थापन झालेल्या उद्यानात एक उंच, बारीक अंगाचा पाम आहे. ज्याचे नाव आपल्या बॉटल पामने इतकी वर्षे वापरले, तोच हा अमारिकॉलिस. नावाचा अर्थ 'कडू खोडाचा'. त्या जातीचे हे एकच झाड जगाला ठाऊक आहे. वादळापासून आधार देण्यासाठी त्याच्याभोवती सांगाडा उभारावा लागला. त्याला फुले येतात, पण नरफुले आणि मादीफुले वेगवेगळ्या वेळी उमलतात आणि जोडीला दुसरे झाड नाही. क्वचित फळ धरले तरी बी रुजत नाही. क्यू उद्यानातील शास्त्रज्ञांनी त्याच्या बियांतील गर्भ काचनळीत वाढवून पाहिले. अंकुर फुटले, परंतु नळीबाहेर काढताच ती रोपे जगली नाहीत. बागेने त्या झाडाला आसरा दिला, वारा-पावसापासून जपले. पण बागेला त्याचा वंश चालवता आला नाही. बागेतील एकटे झाड म्हणजे आठवण होय. जातीला जगण्यासाठी सोबत लागते, माती लागते, बी रुजण्यास जागा लागते.

राउंड आयलंडची कथा मात्र येथे संपत नाही. १९५७ साली त्या बेटाला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला होता. मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाला. १९७६ साली प्राणिसंग्राहक व लेखक जेराल्ड डरेल त्या बेटावर गेले आणि पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'गोल्डन बॅट्स अँड पिंक पिजन्स' ह्या पुस्तकातून तेथील उजाडपण त्यांनी जगापुढे मांडले. १९७९ पर्यंत बेटावरील शेवटच्या शेळ्या काढण्यात आल्या. ससे काढणे अधिक कठीण. एक जोडी उरली तरी सारे व्यर्थ. न्यूझीलंडचे डॉन मर्टन यांच्या नेतृत्वाखाली ते काम १९८६ साली तडीस गेले.

आणि मग जे घडले ते पाहण्यासारखे होते. खडकांच्या फटींत लाटानियाची रोपे डोके वर काढू लागली. सव्वाशे वर्षे जे कोवळे पान उगवताच खुडले जात होते, त्याला आता मोठे होण्यास अवसर मिळाला. बॉटल पामचीही नवी पिढी उभी राहू लागली. रोपवाटिकेत वाढवलेली झाडे माणसांनी बेटावर नेऊन लावली. २००७ साली सेशेल्समधील अल्डाब्रा बेटाच्या जातीची अजस्र कासवे तेथे सोडण्यात आली. मॉरिशसची स्वतःची कासवे पूर्वीच नामशेष झाली होती. गवत खाणे आणि बिया इकडून तिकडे नेणे हे त्यांचे काम आता ह्या पाहुण्या कासवांकडे सोपवले आहे. गेलेले सारे परत आले नाही आणि येणारही नाही. पण उजाड घरात पुन्हा चूल पेटली, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे आम्हांला आमच्या अंगणातील जोडीची आठवण होते आणि थोडे ओशाळल्यासारखेही वाटते. बॉटल पाम आणि स्पिंडल पाम ही भिन्न बेटांवरची भावंडे. निसर्गात त्यांच्यामध्ये शेकडो किलोमीटरांचा समुद्र होता. बागेत आम्ही त्यांना दहा पावलांवर आणून ठेवले. अशी शेजारी वाढलेली झाडे एकमेकांत सहज मिसळतात आणि त्यांच्या बियांतून मिश्र जातीची रोपे निघतात. म्हणजे आम्ही 'दुर्मीळ' म्हणून मोठ्या आनंदाने जी रोपे वाटली, ती बहुधा ना धड बॉटल, ना धड स्पिंडल. शोभेला ती उणी नाहीत. परंतु उद्या त्या जातीचे शुद्ध बी कोणाला हवे झाले, तर आमच्या अंगणात ते मिळण्याची खात्री नाही. जगभरच्या बागांत लाखो बॉटल पाम असताना त्या मूठभर खडकावरील झाडांचे मोल का कमी होत नाही, हे आम्हांला तेव्हा उमगले. ज्याचे आईबाप ठाऊक आहेत असे बी तेथेच मिळते.

म्हणून हे झाड लावूच नये असे आमचे म्हणणे नाही. उलट, ज्यांनी लावले आहे त्यांनी ते जाणीवपूर्वक जपावे. त्याला ऊन भरपूर हवे. खारा वारा त्याला सोसतो, पण मुळाशी पाणी साचलेले सोसत नाही. कुंडीत लावायचे तर खालून पाण्याचा निचरा चांगला ठेवावा. बी ताजे असावे आणि धीर धरावा, कारण रुजावयास कित्येक महिने लागतात. वाळलेली झावळी आपोआप गळते. हिरवी झावळी केवळ टापटिपीसाठी कापू नये, कारण त्याच्याकडे मुळात झावळ्याच मोजक्या. बी धरायचे असेल, तर बॉटल पामच्या जवळ त्याचा स्पिंडल भाऊ लावू नये. आणि रोप कोणाला द्यायचे झाले, तर त्याचे खरे नाव आणि गाव सांगून द्यावे. मिश्र असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. आम्ही तसे सांगण्यास आता सुरुवात केली आहे. ज्यांना पूर्वी रोपे दिली, त्यांच्याही दारी जाऊन आलो. एक काकी हसून म्हणाल्या, "मिश्र असो की शुद्ध, सावली तीच ना?" त्यांचेही खरेच.

दर वर्षी झावळ्यांच्या रविवारी आपण हातात झावळी घेऊन मिरवणुकीने चर्चमध्ये शिरतो. ती झावळी आपल्याच वाडीतील माडाची असते. त्या माडाचे बी कोणत्या आजोबांनी कोठून आणले, हे घरातील एखाद्या म्हाताऱ्याला अजूनही ठाऊक असते. ह्यापुढे ती झावळी हाती घेताना फाटकाशी उभ्या असलेल्या त्या पोटाळ पाहुण्याकडेही एकदा पाहावे. त्याच्या आजोबांचे गाव समुद्रापलीकडच्या एका उघड्या खडकावर आहे, तेथे आता पुन्हा रोपे उगवत आहेत, एवढे आपल्या मुलांना सांगावे. आमच्या घरी ती गोष्ट ऐकल्यापासून वडीलधाऱ्यांनी "हा पोसायचा कशाला?" असे विचारणे सोडले आहे. परवा तर त्यांतील एकाने आपणहून त्याच्या बुंध्याशी एक घागर पाणी ओतलेले आम्ही पाहिले.